मोजून पाहणाऱ्या कमलाबाई

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यातली गोष्ट. पारोळ्याजवळच्या एका गावात बचत गटाची बैठक होती. जळगावहून धुळ्याच्या एस.टी.नं मी गेले. हप्ते गोळा झाले, वह्या भरून झाल्या, आणि गटातल्या एका वहिनींनी पिशवीतून एक डबी काढून सतरंजीवर ठेवली. नैसर्गिक व्हिटॅमिन सी. साठ गोळ्या, किंमत अठराशे रुपये.

वहिनींच्या लेकीचं हिमोग्लोबिन साडेआठवर आलेलं. मुलगी कॉलेजात जाते, जिना चढली की धापा टाकते. घरी येणाऱ्या एका विक्रेतीनं वहिनींना पटवून दिलं होतं, की मेडिकलमधली व्हिटॅमिन सीची गोळी म्हणजे नुसतं केमिकल, ती अंगी लागत नाही. ही मात्र फळांपासून केलेली, म्हणून शरीर तिला ओळखतं. पहिली डबी त्यांनी किराण्याच्या पैशातून घेतली होती. आता पुढच्या तीन डब्यांसाठी गटाकडून कर्ज हवं होतं.

कुणी म्हणालं द्या, लेकरासाठीच मागतेय. कुणी म्हणालं नको. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता मी पडले आर्ट्सची पदवीधर! विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा. मी म्हटलं, पुढच्या बैठकीपर्यंत थांबा, मी विचारून येते. घरी येऊन वाचायला बसले, एका डॉक्टर मैत्रिणीला फोन केले. उत्तर तर मिळालंच, पण त्या शोधात एक बाईही भेटली. जिनं आपलं सगळं आयुष्य अन्नात नेमकं काय आहे हे मोजण्यात घालवलं, अशी आपली मराठी बाई. डॉ. कमला सोहोनी.

दुर्गाबाई भागवतांचं नाव आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक असतं. लोकसाहित्याच्या अभ्यासक, १९७५च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष. कमलाबाई त्यांची धाकटी बहीण. पण थोरलीचं नाव घराघरात पोचलं आणि धाकटीचं मात्र पाठ्यपुस्तकातसुद्धा क्वचित सापडतं.

कमलाचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, तेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये. आज तिला आपण इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणतो. घरात विज्ञानाचं बोलणं रोजचंच. कमलानं मुंबई विद्यापीठातून रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन १९३३ साली बी.एस्सी. केली, तीही पहिल्या क्रमांकानं. पुढचं शिक्षण वडील-काकांच्याच संस्थेत घ्यायचं, हे तिच्या मनात पक्कं होतं. तिनं अर्ज केला आणि तो परत आला. कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती.

संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३०चं नोबेल मिळालेले, साऱ्या देशाचा अभिमान असलेले. त्यांच्याशी वाद घालायला भलेभले कचरायचे. ही बावीस वर्षांची मुलगी मात्र वडिलांबरोबर थेट बंगलोरला गेली. गुणांत मी कुठे कमी आहे ते दाखवा, असा तिचा सवाल होता. दाद लागेना, तेव्हा गांधीजींचा मार्ग धरून तिनं रामन यांच्या कचेरीसमोर सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष परीक्षेचं. काम पसंत पडलं तरच पुढे नाव राहील. मार्गदर्शक सांगतील तितका वेळ, रात्री उशिरापर्यंतही, काम करायचं. आणि तिच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये.

ही शेवटची अट वाचून मला आपल्याकडची किती घरं आठवली! मुलगी शिकायला निघाली की अटी मुलीलाच. कमलाला त्या फार लागल्या, आणि हा अपमान आपण कधी विसरलो नाही हे ती उतारवयातही सांगत असे. पण तिनं प्रवेश घेतला. श्रीनिवासय्या नावाचे चांगले मार्गदर्शक मिळाले. दुधातली आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिनं हा तिचा विषय. म्हणजे पाहा, तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरातलाच. वर्ष संपलं तेव्हा रामन यांचं समाधान झालं होतं आणि त्या संस्थेची दारं पुढच्या मुलींसाठीही उघडली. १९३६ साली कमला विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाली.

आता जरा आपल्या डबीकडे वळू, कारण नेमक्या याच वर्षांत व्हिटॅमिन सीची सगळी गोष्ट घडत होती.

महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, दात पडायचे, जुन्या जखमा उघडायच्या. या रोगाचं नाव स्कर्व्ही. १७४७ साली जेम्स लिंड या इंग्रज आरमारातल्या डॉक्टरनं आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले, तेव्हा संत्री आणि लिंबं खाल्लेले झपाट्यानं बरे झाले. लिंबात काहीतरी आहे हे कळलं, पण ते काय हे कळायला पुढे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं लागली. गाय, शेळी हे क जीवनसत्त्व स्वतःच्या अंगातच तयार करतात. माणसाला ते जमत नाही, त्याला ते खाण्यातूनच मिळवावं लागतं.

१९२० नंतरच्या दशकात सेंट-ग्यॉर्गी नावाच्या हंगेरियन शास्त्रज्ञानं तो पदार्थ शुद्ध रूपात वेगळा काढला. हे काम त्यानं केलं केंब्रिजमध्ये, सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. पुढे मायदेशी गेल्यावर तिथल्या ढोबळ्या मिरचीच्या जातीच्या मिरच्यांमधून त्यानं तो भरपूर मिळवला. आणि १९३३ साली, म्हणजे कमला बंगलोरला सत्याग्रहाला बसली त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये हॅवर्थ आणि स्वित्झर्लंडमध्ये राइखश्टाइन यांनी तोच पदार्थ प्रयोगशाळेत तयार करून दाखवला. त्याचं नाव ॲस्कॉर्बिक ॲसिड. राइखश्टाइननं तो ग्लुकोजपासून, म्हणजे एका साध्या साखरेपासून बनवला. आजही कारखान्यात सुरुवात ग्लुकोजपासूनच होते आणि मधलं काही काम जिवाणूंकडून करून घेतात, साधारण आपण दही लावतो तसं.

डिसेंबर १९३७ मध्ये सेंट-ग्यॉर्गी आणि हॅवर्थ या दोघांना स्टॉकहोममध्ये नोबेल पारितोषिक दिलं गेलं. त्याच महिन्यात कमला भागवत केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाली, आणि तिनं काम सुरू केलं ते त्याच हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. जिथे हे जीवनसत्त्व पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं, त्या जागी आपली मराठी मुलगी उभी होती!

तिथे तिनं बटाट्यावर काम केलं. प्रत्येक वनस्पतीच्या पेशीत सायटोक्रोम-सी नावाचा पदार्थ असतो आणि पेशीला शक्ती मिळण्यात त्याचा मोठा वाटा असतो, हे तिनं शोधून काढलं. (नावात सी आहे म्हणून घोटाळा नको, याचा व्हिटॅमिन सीशी संबंध नाही.) तिनं जेमतेम चौदा महिन्यांत काम संपवलं आणि चाळीसच पानांचा प्रबंध लिहिला. १९३९ साली तिला केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून कमलाबाईंचं नाव घेतलं जातं.

इंग्लंड-अमेरिकेत राहायची संधी होती, पण कमलाबाई त्याच वर्षी परत आल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या. मग निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केलं. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. आपल्या देशात कुणी काय आणि किती खावं याचे तक्ते तिथूनच निघतात.

१९४७ साली त्यांचं लग्न सोहोनींशी झालं आणि त्या मुंबईला आल्या. संसार, दोन मुलगे आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेतली प्राध्यापकी, सगळं त्यांनी सांभाळलं. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन गोरगरिबांच्या ताटातले पदार्थ एकेक करून तपासले. डाळी, कडधान्यं, तांदळाचं पीठ. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचं पचन अडवणारे पदार्थ असतात, हा त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा भाग. शिजवल्यावर त्यांचा जोर ओसरतो. म्हणजे निसर्गानं दिलेलं सगळं जसंच्या तसं गुणकारी असतंच असं नाही, चुलीवरच्या भांड्याचंही त्यात काम असतं. आपल्या आज्यांना हे अनुभवानं ठाऊक होतं, कमलाबाईंनी ते मोजून दाखवलं.

मग आली नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना सुचवलं, की ताड-शिंदीच्या झाडाची ही नीरा गरिबांना पोषक ठरते का ते पाहा. नीरा तर पूर्ण नैसर्गिक. झाडाला मडकं लावलं की मिळते. कमलाबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी ती प्रयोगशाळेत नेऊन वर्षानुवर्षं तपासली. त्यात अ जीवनसत्त्व, क जीवनसत्त्व आणि लोह चांगल्या प्रमाणात सापडलं. नीरा आटवून गूळ केला, तरी त्यातला बराच भाग टिकतो असं त्यांना आढळलं. तेवढ्यावरही त्या थांबल्या नाहीत. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायका यांच्या आहारात नीरा दिली आणि त्यांच्या तब्येतीत फरक पडतो का हे पाहिलं. तो चांगला पडला. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. धुळ्याच्या साक्री-शिरपूर भागातल्या पाड्यांवर काम करताना मी अशक्त पोरं आणि पोटुशा बाया पाहिल्या आहेत. म्हणून या कामाचं मोल मला पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं.

एवढं करूनही संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना चार वर्षं ताटकळावं लागलं. हक्क त्यांचा होता, पण खुर्चीत बाई नको होती. शेवटी ते पद मिळालं आणि त्यांनी ते उत्तम सांभाळलं. आरे दूध योजनेलाही त्यांनी सल्ला दिला.

निवृत्तीनंतरचं त्यांचं काम तर मला सगळ्यात जवळचं वाटतं. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ही ग्राहकांची संस्था काढली होती. कमलाबाई तिथे हिरिरीनं काम करू लागल्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या कीमत या मासिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षेवर लिहीत. केंब्रिजची डॉक्टरेट घेतलेली बाई साध्या गृहिणीसाठी लिहीत होती, की पैसे मोजण्याआधी वस्तू पारखून घ्या. १९९८ साली त्यांचं निधन झालं. २०२३ मध्ये त्यांच्या जन्मदिनी, १८ जूनला, गूगलनं आपल्या पानावर त्यांचं चित्र लावलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. मीही त्यातलीच!

तर आता डबीचं उत्तर. मैत्रिणींनो, आवळ्यातलं ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि कारखान्यातलं ॲस्कॉर्बिक ॲसिड हे एकच आहे. घडण एक, काम एक. माणसांवर तपासून पाहिलं तेव्हा ते रक्तात उतरण्यातही लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. ते कुठून आलं हे शरीर विचारत नाही. आणि लघवीवाटे निघून जाण्याचं म्हणाल, तर गरजेपेक्षा जास्त झालेलं दोन्हीही तसंच निघून जातं, स्वस्तातलं आणि अठराशे रुपयांचंही.

मग फळ आणि गोळी सारखीच का? तर नाही. फळाबरोबर चोथा, पाणी, इतर जीवनसत्त्वं आणि क्षार येतात. गोळीत ते नसतं, मग ती साधी असो की नैसर्गिक नावाची. म्हणजे खरा फरक फळ आणि गोळी यांच्यातला आहे. स्वस्त गोळी आणि महाग गोळी यांच्यातला फरक निम्मा तरी खोक्यावरच्या चित्राचा असतो.

आणि लागतं तरी किती? आपल्या पोषण संस्थेच्या २०२०च्या तक्त्याप्रमाणे मोठ्या बाईला दिवसाला ६५ मिलिग्रॅम, गरोदरपणी ८० आणि अंगावर पाजणारीला ११५. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे अर्धा पेरू झाला की दिवस भागला. आवळ्यात त्याहूनही जास्त. शेवग्याच्या पाल्यात भरपूर, जो आपल्या परसात वाया जातो. आपल्या जळगावच्या केळ्यात मात्र ते कमीच, शंभर ग्रॅमला दहा मिलिग्रॅमच्या आसपास. केळी इतर गुणांसाठी खावीत. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं नासतं, म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी आणि लिंबू भांडं खाली उतरवल्यावर पिळावं.

गोळी कधीच घेऊ नये असंही नाही. डॉक्टरांनी सांगितली तर जरूर घ्या, मेडिकलमधली साधी गोळी काही रुपयांत मिळते. पण आपल्या मनानं मूठभर नको. दिवसाला दोन हजार मिलिग्रॅमच्या वर गेलं की पोट बिघडतं, आणि मुतखड्याचा त्रास असेल तर जास्तच जपायला हवं. करोनाच्या काळात घरोघर या गोळ्या खाल्ल्या गेल्या. सर्दी त्यानं अडत नाही. रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी होते, इतकंच अभ्यासांत दिसलं आहे.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. मग आम्ही ती डबी उलटी करून पाठीमागची बारीक अक्षरं वाचली. एकीनं मोबाइलवर फोटो काढून अक्षरं मोठी केली. आवळ्याची पूड नावापुरती होती आणि खाली स्वच्छ लिहिलं होतं, ॲस्कॉर्बिक ॲसिड. म्हणजे तेच केमिकल, जे मेडिकलमध्ये अंगी लागत नव्हतं! वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यात राग किती नि लाज किती हे मला कळलं नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं, यात लाजायचं काही नाही, लेकीच्या काळजीपोटी आपण सगळ्याच फसतो.

खरी काळजीची गोष्ट तर वेगळीच होती. साडेआठ हिमोग्लोबिनवर व्हिटॅमिन सी हा इलाज नव्हेच. ते अन्नातलं लोह अंगात शोषायला मदत करतं, हे खरं. पण आधी लोह तर पोटात जायला हवं! या डबीच्या भरवशावर मुलीचे दोन महिने फुकट गेले होते. आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त कमी होण्याचं कारण शोधायला तपासण्या केल्या. लोहाच्या गोळ्या मोफत मिळाल्या. घरी आता कळण्याची भाकरी, पालेभाजी, डाळ आणि वर लिंबाची फोड. जेवणाला लागून चहा बंद, कारण चहा लोह शोषू देत नाही. कर्जाचा अर्ज वहिनींनी आपणहून मागे घेतला. मुलीचं हिमोग्लोबिन पुढच्या महिन्यात पुन्हा तपासायचं आहे. वाढलं तर आनंदच, नाही वाढलं तर पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ. पण मोजून पाहू.

कमलाबाईंनी तेच तर केलं. रामनसाहेबांनी मुलगी म्हणून नाकारलं, तेव्हा माझं काम पाहा म्हणाल्या. नीरा नैसर्गिक म्हणून चांगली, असं त्यांनी मानलं नाही, तिच्यात काय आहे ते पाहिलं. आपल्या हाती प्रयोगशाळा नाही, पण डबीची मागची बाजू आहे, दवाखान्याचा रिपोर्ट आहे, आणि प्रश्न विचारायला तोंड आहे. पुढच्या वेळी कुणी दारात डबी घेऊन आलं, की पाणी द्या, बसायला सांगा आणि डबी उलटी करून वाचा.